डिझेल गाडीला ‘ट्युनिंग बॉक्स’ बसवताय? आधी हे वाचा

भरलेली गाडी घाटात दम टाकते, म्हणून काही जण डिझेल गाडीला ट्युनिंग बॉक्स बसवून घेतात. चांगल्या बॉक्सने ताकद खरंच वाढते. पण ती येते कुठून, हे माहीत हवं.

बॉक्स काम कसं करतो?
कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब मोजणारा सेन्सर असतो. हा सेन्सर आणि गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, यांच्यामध्ये बॉक्स जोडतात. बॉक्स दाब कमी असल्याचं दाखवतो. ईसीयू फसतो, दाब वाढवतो आणि जास्त डिझेल आत जातं.

धोका काय?
कंपनीने इंजिनाच्या सुरक्षेसाठी राखलेली क्षमता वापरली जाते. ताण इंजेक्टर, टर्बो आणि क्लचवर येतो. डिझेल पूर्ण जळलं नाही तर काळा धूर निघतो. बीएस-६ गाडीत डीपीएफ लवकर चोंदतो. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

कायदा काय सांगतो?
नियमात न बसणारा बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आधी काय करावं?
एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोचे पाइप तपासून घ्या. बऱ्याचदा गाडीचा दम तिथेच अडकलेला असतो. ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या स्वस्त ‘मायलेज चिप’पासून लांबच राहा; अशा अनेक चिपमध्ये लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काहीच नसतं.