पदवी आणि तिचें काम

मुलगा पदवीधर झाला, आतां पुढें काय, हा प्रश्न नागपुरास नवा नाहीं. येथें १८८३ त हिस्लॉप व १८८५ त मॉरिस हीं महाविद्यालयें निघालीं. त्यांतून बाहेर पडणाऱ्यांस वकिली, शिक्षकी आणि कारकुनी या ठराविक वाटा होत्या. १९०६ सालीं विज्ञान-महाविद्यालय आलें. पण रसायन शिकलेल्या तरुणास रसायनाचेंच काम देणारे कारखाने आसपास थोडे. कापसाच्या गिरण्या होत्या खऱ्या. परंतु या प्रांतांतील मँगनीज बहुतांशी खनिजरूपानेंच परदेशीं जाई. जी गत खनिजाची तीच विद्येची: कच्चीच राहावयाची!

अशा काळीं कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनीं १९३० च्या मृत्युपत्रानें सुमारें ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठास दिले. उद्देश हा कीं, त्यांतून उपयोजित विज्ञान व रसायन शिकविलें जावें. विद्यापीठाचें वय तेव्हां अवघें सात वर्षांचें. तरीही लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहण्यास १९४२ साल उजाडावें लागलें. पुढें तेथें तेलें, रंग, खाद्यपदार्थ, कागद यांचें तंत्रशिक्षण मिळूं लागलें. २०२३ सालीं तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जाही लाभला.

पैसा हातीं असूनही बारा वर्षें लागलीं, हें वडील मंडळींनीं मुलास दोष देण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें. विद्या शिकविणें व ती वापरणारा धंदा उभारणें हीं एकाच कार्याचीं दोन अंगें होत. एक चाललें आणि दुसरें अडलें, तर शिकलेला तरुण घरींच बसतो, आणि तो अपराध त्याचा एकट्याचा नसतो.