तरवारीकडून तंबोऱ्याकडे

पुण्याहून मुंबईस जाणारी आगगाडी बोरघाट उतरून कर्जतेस येते. कर्जत व खालापूर हे दोन तालुके म्हणजे देश आणि कोंकण यांमधील उंबरठाच होय. १८३० मध्यें खोपोलीवरून घाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्यें घाटांतून लोहमार्ग झाला, आणि देशावरचा माल व देशावरची विद्या या वाटेनें मुंबईस उतरूं लागली. या वाटेच्या उतारूंपैकीं एक मात्र सामानांत टाकण्याजोगा नव्हे. त्याला गोधडीच्या खोळींत गुंडाळून तान्ह्या मुलासारखें मांडीवर सांभाळावें लागतें. तो उतारू म्हणजे मिरजेचा तंबोरा.

हा तंबोरा ज्यांच्या हातून घडला, त्यांचा मूळ धंदा सुतारकामाचा नव्हता. तरवारी-भाल्यांना धार लावणें आणि पोलादाला पाणी देणें हें शिकलगारांचें काम. १८१८ मध्यें पेशवाई बुडाली, लढाया संपल्या, आणि तरवारीस गिऱ्हाईक उरलें नाहीं. हात कुशल, पण हातांस काम नाहीं, असा तो काळ होता. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळें मिरजेस गवयांचें येणें-जाणें असे. त्यांचीं वाद्यें बिघडलीं म्हणजे दुरुस्त करणारा जवळपास कोणी मिळेना. तेव्हां हें काम शिकलगारांकडे आलें, अशी हकीगत मिरजेंत सांगतात. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब व त्यांचे बंधु मोईनुद्दीन यांनीं दुरुस्ती करतां करतां नवें वाद्य घडविण्याची विद्या हस्तगत केली. पुढें या घराण्यास ‘सितारमेकर’ हेंच नांव पडलें. शस्त्र गेलें, पण नजर व हात राहिले. त्यांनींच सुराची चाकरी पत्करली.

तंबोऱ्याचें शरीर शेतांत वाढतें. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील कडू भोपळा त्यासाठीं आणतात. लहान मुलांच्या गोष्टींतील म्हातारी ज्यांत बसून लेकीकडून घरीं परतते, त्याचाच हा भाऊबंद. मात्र याला खाण्याचा उपयोग नाहीं. वाळलेला भोपळा कापून पाण्यांत भिजवितात आणि आंतून काठ्यांचा ताण देऊन त्याला हवा तो आकार आणतात. त्यावर तुणीच्या लांकडाचा गळा, दांडी व तबली बसते. मग रंग, नक्षी आणि लाखेचा हात. भोपळा नीट वाळण्याआधीं घाई केली तर पुढें सांधा उघडतो. या धंद्यांत सबुरी हेंही एक हत्यारच आहे.

परंतु हें सारें झालें तरी वाद्य अजून मुकेंच असतें. तबलीवरील घोडीचा माथा कानसेनें किंचित् उतरता घासतात आणि तारेखालीं सुताचा बारीक धागा सरकवितात. धागा केंसभर हलला तर आवाज बसतो. नेमक्या जागीं आला तर त्याच तारेंतून अनेक स्वर झंकारूं लागतात. हीच जवारी. हिला मोजपट्टी नाहीं, कानच माप. म्हणून पुरुषी आवाजाचा तंबोरा मोठा, बायकी आवाजाचा लहान. आणि उत्तम तंबोरा एका विशिष्ट गळ्यासाठींच बनतो. गवई समोर बसतो, षड्ज लावतो. कारागीर ऐकतो, घासतो, पुन्हां ऐकतो. येथें विकणारा व घेणारा हें नातें पुरत नाहीं, स्नेहच लागतो.

या स्नेहासाठीं मिरजेची भूमि मोठी अनुकूल ठरली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर येथें राहिले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर येथेंच शिकले आणि १९०१ मध्यें त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखां येथेंच स्थायिक झाले. खांसाहेब वाद्यदुरुस्तींत स्वतः निष्णात होते. कारागिराच्या शेजारीं बसून जवारीविषयीं हुज्जत घालणारा असा गवई विरळा. १९३७ मध्यें त्यांचें देहावसान झालें. मिरजेंतील मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांची कबर आहे.

आज यंत्राच्या पेटींतून तंबोऱ्याचा नाद कळ दाबतांच निघतो. ती स्वस्त आहे, प्रवासास सोपी आहे. घाटांतल्या धक्क्यांनीं तिचा सूर उतरत नाहीं. नवशिक्यानें तीच घेतली तर त्याला दोष देतां येत नाहीं. पण तिच्यामुळें कारागिराच्या घरचीं मुलें दुसऱ्या पोटापाण्याकडे वळतात, आणि कानांत सांठविलेली विद्या ऐकणारा नसला म्हणजे कागदावर उतरवून टिकत नाहीं. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट. त्यानें नांवाचें रक्षण होईल. हाताचें रक्षण मात्र गिऱ्हाइकाकडेच आहे.

शिकलगारांवर एकदां काळ उलटला होता, तेव्हां तरवार ठेवून त्यांनीं कानस गवयाच्या दारीं नेली. आतां दुसऱ्यांदा तोच प्रसंग आला आहे. त्या वेळीं त्यांना वाट दाखविली ती एका बिघडलेल्या वाद्यानें आणि तें घेऊन आलेल्या माणसानें. या वेळींही कोणी तरी गवई मिरजेस जाऊन समोर बसला पाहिजे आणि षड्ज लावून म्हणाला पाहिजे, “उस्ताद, जरा ऐका, अजून थोडें उतरवा.”