ग्रामसभा आणि ई-करविवरण (चंद्रपूर–गडचिरोली)

तेंदूपत्ता, बांबू यांसारख्या वनोपजाच्या विक्रीतून येणाऱ्या करांचा भरणा आणि त्यांची विवरणे ग्रामसभांनी संगणकीय पद्धतीने हाताळणे, असा या नोंदीचा विषय. देशाची करयंत्रणा व्यक्ती, कंपनी आणि सरकारी कचेरी डोळ्यांसमोर ठेवून ऑनलाइन झाली. या दोन जिल्ह्यांत मात्र जंगलाचा माल विकणारे अख्खे गाव असू शकते.

याला दोन कायद्यांचा आधार आहे. पहिला आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा. त्याखाली गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबू वाहतुकीच्या परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. दुसरा आधार अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या, म्हणजे पेसा कायद्याचा. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले आणि त्यांत ग्रामसभा कोषाची तरतूद ठेवली. मेंढ्याच्या ग्रामसभेकडे स्वतःचे बँक खाते आणि पॅनही आहे. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये असाच हक्क मिळाला. झाडांचे नुकसान होते म्हणून तिथल्या ग्रामसभेने तेंदू तोडणेच बंद केले आणि बांबूवर भर दिला.

तेंदूचा हिशेब फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर होतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २०६सी प्रमाणे तेंदूपत्ता विकणाऱ्याने खरेदीदाराकडून ५ टक्के कर विक्रीच्या वेळीच घ्यायचा असे, हाच टीसीएस. गोळा झालेली रक्कम साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारजमा करायची आणि दर तिमाहीला '२७ईक्यू' हे विवरण द्यायचे असे. त्यासाठी पॅनखेरीज टॅन हा वेगळा क्रमांक लागतो. हे विवरण संगणकीय स्वरूपात देण्याची योजना २००५ ची. खरेदीदाराच्या पॅनचा एक आकडा चुकला तरी त्याने भरलेला कर त्याच्या २६एएस या करउताऱ्यात उमटत नसे, आणि मग तो खरेदीदार ग्रामसभेच्या दारात येऊन उभा राही.

तारखांचे गणित जंगलाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. तेंदूची तोडणी मुख्यतः मे महिन्यात होते. एप्रिल ते जून या तिमाहीच्या विवरणाची मुदत १५ जुलै. भर पावसात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क तुटतो, तो याच दिवसांत. विवरणाला उशीर झाला तर कलम २३४ई नुसार दिवसाला २०० रुपये शुल्क लागे. ऑनलाइन सोयीचा सर्वाधिक उपयोग अशाच दुर्गम तालुक्याला व्हायला हवा. पण रस्ता बंद आणि मोबाइलची रेंजही गेलेली, अशा वेळी घरबसल्या विवरण भरण्याची सोय कागदावरच राहते.

आयकराचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. अशा यंत्रणेला संस्थेच्या वतीने सही करणारी एक अधिकृत व्यक्ती लागते: तिचा पॅन, तिचा मोबाइल, त्यावर येणारा ओटीपी. मेंढ्यासारख्या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात. तिथे एकाच माणसाच्या फोनवर सगळ्या गावाची करविषयक जबाबदारी येऊन पडते. ही त्रुटी गंभीर आहे.

मुळातली अडचण कायद्याच्या शब्दांतच आहे. १९६१ च्या अधिनियमातील कलम १०(२०) स्थानिक प्राधिकरणांच्या उत्पन्नाला आयकरातून सूट देत असे. स्थानिक प्राधिकरणाच्या त्यातील व्याख्येत राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३(ड) मधील पंचायत होती. त्याच अनुच्छेदात आधी व्याख्या केलेली ग्रामसभा नव्हती. कलम २०६सी मधल्या विक्रेत्यांच्या यादीत सरकार, स्थानिक प्राधिकरण, कंपनी, भागीदारी आणि सहकारी संस्था होत्या. ग्रामसभा नावाने तिथेही नव्हती. वनोपज विकण्याचा अधिकार देणाऱ्या राज्यसंस्थेने तो विकणाऱ्याला करकायद्यात स्पष्ट ओळख द्यायला हवी होती.

वस्तू व सेवा कर (जीएसटी) १ जुलै २०१७ पासून लागू झाला आणि त्याची विवरणे सुरुवातीपासूनच ऑनलाइन आहेत. तेंदूपत्त्यावर या कराचा दर १८ टक्के होता. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने तो ५ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले. १९६१ च्या अधिनियमाची जागा घेणारा आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा.