गाठ कुत्रीची, प्रश्न माणसाचा

शिरूरच्या एसटी स्थानकाजवळ किंवा दौंड जंक्शनच्या आवारात एखादी म्हातारी कुत्री आपल्याला कधी ना कधी दिसलेली असते. तिच्या पोटाखाली लिंबाएवढी गाठ लोंबत असते. 'दूध साचलं असेल' असे म्हणून आपण पुढे जातो. पण पिल्ले नसलेल्या म्हाताऱ्या कुत्रीत अशी गाठ बहुधा दुधाची नसते, ती स्तनग्रंथीतील अर्बुद असते. कुत्रीला साधारणपणे स्तनांच्या पाच जोड्या असतात आणि बहुतेक गाठी मागच्या दोन जोड्यांत होतात. काही निरुपद्रवी असतात, काही कर्करोगाच्या. नुसत्या नजरेने फरक कळत नाही. गाठ काढून ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते.

ही गाठ का होते, या प्रश्नाचा इतिहास गोठ्यातून सुरू होतो. काही देशांत गाय व्याल्यावर तिचे अंडाशय काढत, म्हणजे ती दीर्घकाळ दूध देत राही. ही प्रथा ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांच्या वाचनात आली. अंडाशयाचा स्तनावर ताबा असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. स्तनाचा कर्करोग बळावलेल्या एका स्त्रीचे अंडाशय त्यांनी काढले, तेव्हा गाठी ओसरल्या. १८९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. 'संप्रेरक' ही कल्पना तेव्हा रुजलेलीही नव्हती.

कुत्रीत हा संबंध फार ठळक आहे. माज संपल्यावर ती गाभण असो वा नसो, तिच्या रक्तात सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन भरपूर राहते. दर माजाला स्तनग्रंथी वाढतात आणि ओसरतात. १९६९ साली कॅलिफोर्नियातील श्नायडर, डॉर्न आणि टेलर यांनी याचा हिशेब मांडला. अंडाशय न काढलेल्या कुत्रींचा स्तनकर्करोगाचा धोका १०० धरला, तर पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांचा ०.५, एका माजानंतर झालेल्यांचा ८ आणि दोन किंवा अधिक माजांनंतर झालेल्यांचा २६ आला.

हे आकडे वर्गात जरूर घ्यावेत, कारण ते सर्रास चुकीचे वाचले जातात. '२६ टक्के' म्हणजे शंभरातील सव्वीस कुत्री नव्हेत. केवळ हिशेबासाठी समजा, शस्त्रक्रिया न झालेल्या १००० कुत्रींपैकी २०० जणींना कर्करोग होतो. मग उरलेल्या तीन गटांत दर हजारी १, १६ आणि ५२ होतील. टक्के 'कशाचे', हा प्रश्न विचारण्याची सवय लागणे महत्त्वाचे. २०१२ साली ब्रिटनमधील एका आढाव्याने असे सर्व अभ्यास पुन्हा तपासले आणि हा पुरावा आपण समजतो तितका भक्कम नाही, असे दाखवून दिले.

आता माणसाचा प्रश्न. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकेत नव्या गर्भनिरोधक औषधांची बीगल जातीच्या कुत्रींवर सात वर्षे चाचणी सक्तीची झाली. माणसाच्या मात्रेच्या कित्येक पट औषध दिल्यावर कुत्रींना स्तनाच्या गाठी झाल्या. 'डेपो-प्रोव्हेरा' या इंजेक्शनला अमेरिकेने १९७८ साली परवानगी नाकारली, त्यामागे हे एक कारण होते. पुढे १९९२ साली ती मिळाली. १९९४ साली नेदरलँड्समधील उट्रेख्तच्या संशोधकांनी दाखवले, की अशा औषधाने कुत्रीची स्तनग्रंथी स्वतःच वाढीचे संप्रेरक तयार करून रक्तात सोडते. स्त्रीच्या शरीरात असे घडताना दिसत नाही. म्हणजे कुत्रीवरून स्त्रीबद्दल काढलेला निष्कर्ष जसाच्या तसा लागू नव्हता.

तरी शंका संपल्या नाहीत. भारतात १९९३ साली हे इंजेक्शन बाजारात आले, तेव्हा महिला संघटनांनी विरोध केला. त्यांचे आक्षेप कुत्र्यांपुरते नव्हते. पुरेशी चाचणी, स्त्रीची संमती आणि नंतरची देखभाल हे त्यांचे मुद्दे होते. २०१७ पासून तेच औषध सरकारी योजनेत 'अंतरा' नावाने मिळते. बीगलचा मुद्दा मागे पडला, म्हणून हे मुद्दे मागे पडत नाहीत.

आणि कुत्रीचे काय? माज टाळण्यासाठी तिला अशी इंजेक्शने देत राहणे गाठींना आमंत्रण ठरते. निर्बीजीकरण हा त्याहून चांगला मार्ग आहे. गाठ लिंबाएवढी होण्याची वाट पाहू नये. ती हरभऱ्याएवढी असतानाच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. पोटावरून हात फिरवून पाहायला उपकरण लागत नाही, आणि पाळलेल्या कुत्रीपाशी हे काम आपले विद्यार्थीही करू शकतात.