छात्रालयाची पंगत

खान्देशातल्या शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळा-महाविद्यालयांच्या सनावळीतून सांगितला जातो. कोणती संस्था कधी निघाली, जमीन कोणी दिली, कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, हे सारे संस्थांच्या स्मरणिकांमध्ये नीट नोंदलेले असते. शाळा सुटल्यावर मुले जिथे परत येत, जेवत, भांडत, आजारी पडत आणि रात्री कंदिलाच्या उजेडात अभ्यासाला बसत, त्या छात्रालयांना मात्र या इतिहासात एखाद-दुसऱ्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही. हे उणेपण किरकोळ नाही, असे मला वाटते. शाळेने मुलाला परीक्षा पास होण्याइतकी विद्या दिली. गाव, जात आणि बोली यांच्या पलीकडचा मुलगाही आपला असू शकतो, ही सवय त्याला लागली असेल तर ती छात्रालयात. ती आपोआप लागली नाही. नुसते एका छपराखाली राहून माणसे जवळ येत नाहीत. एकत्र जेवण, वाटून घेतलेली कामे आणि मुलांमध्ये राहणारा एखादा वडीलधारा, या तीन गोष्टी जिथे होत्या तिथेच ती लागली. आज वसतिगृहांविषयीचे सरकारी धोरण नेमक्या याच गोष्टी गाळू पाहत आहे, म्हणून हा इतिहास पुन्हा मांडायला हवा.

मुळात खान्देशातल्या मुलाला घर सोडावे का लागे, ते आधी पाहू. इंग्रजांनी १९०६ साली अवाढव्य खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पूर्वेचे ठाणे जळगाव झाले, पश्चिमेचे धुळे. त्याआधी काही वर्षे चाळीसगावहून धुळ्याला आगगाडीचा फाटा आला होता, आणि तापीकाठाने सुरत-जळगाव मार्गही झाला होता. कापूस या मार्गांनी सहज बाहेर जाऊ लागला. पण साक्रीच्या डोंगरपट्ट्यातल्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या मुलाला हायस्कूल गाठायचे तर धुळे, जळगाव, अमळनेर अशा मोजक्या गावीच जावे लागे, आणि रोज येऊन-जाऊन शिकणे शक्य नव्हते. महाविद्यालयाची वाट त्याहून लांबची. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय ही दोन्ही १९४५ सालची. तोवर मॅट्रिक झालेल्या खान्देशी मुलाला पुणे, मुंबई किंवा बडोद्याचा रस्ता धरावा लागे. स्वतंत्र विद्यापीठ जळगावला यायला तर १९९० साल उजाडले. म्हणजे इथे शिक्षण आणि परगावी राहणे या गोष्टी कित्येक पिढ्या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नव्हत्या.

परगावी राहायचे म्हटले की पहिला प्रश्न जेवणाचा. झोपायला एखाद्या देवळाची ओसरी, ओळखीच्या घराची पडवी मिळून जाई. दोन वेळच्या अन्नाचे तसे नव्हते. ब्राह्मण मुलांसाठी त्यावर एक जुनी सोय होती: वार लावून जेवणे किंवा माधुकरी मागणे. आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून घेतले की गरीब विद्यार्थ्याची वर्षे निघत. या सोयीने अनेक विद्वान घडवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ती जातीच्या आत चालणारी सोय होती. कुणबी, लेवा, माळी, तेली यांच्या मुलांना ती उपलब्ध नव्हती; महार, मांग, चांभार, भिल्ल मुलांच्या बाबतीत तर तिचा विचारही कोणी केला नसता. शिवाय वार लावणारा मुलगा रोज एकटाच जेवायला जाई आणि त्या घरी आश्रित म्हणून बसे. त्याच्या उपकाराचे धागे सात घरांशी बांधले जात. शेजारी बसून जेवणारा बरोबरीचा सोबती त्याला मिळत नसे. बोर्डिंगने ही रचनाच बदलली. अन्न आता दात्याच्या घरून न येता सामाईक चुलीवरून येऊ लागले, आणि ते खाणारे सारे एकाच पायरीवर बसू लागले.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. महाराष्ट्रातली सुरुवातीची बोर्डिंगे बहुतेक जातवार होती. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग आणि त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. मग मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची वसतिगृहे आली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. नाशिकचे उदाजी मराठा बोर्डिंग याच प्रवाहातले, आणि खान्देशातही समाजासमाजाची बोर्डिंगे निघाली. मग यांनी जातीपलीकडची सवय लावली असे कसे म्हणायचे? त्याचे उत्तर कोल्हापुरातच मिळते. महाराजांनी आधी, १८९६ मध्ये, सर्व जातींना खुले असलेले वसतिगृह काढून पाहिले होते. दार सर्वांना उघडे होते, पण प्रत्यक्षात तिथे ब्राह्मण मुलेच राहिली. दार उघडे ठेवल्याने चूल आणि पंगत उघडी होत नाही, हे त्या प्रयोगाने दाखवले. त्यानंतरची जातवार बोर्डिंगे म्हणजे ज्यांना पंगतच नव्हती त्यांना ती मिळवून देण्याची पहिली पायरी होती. या पायरीची मर्यादाही तिथेच उघड झाली. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून भाऊराव पाटील या विद्यार्थ्याला जैन बोर्डिंगमधून जावे लागले. पुढे त्याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. तिथे मुले एकत्र स्वयंपाक करत, एकत्र राबत आणि एकाच पंगतीत जेवत. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. जातीच्या बोर्डिंगमध्ये जे मिळाले आणि जे मिळाले नाही, या दोन्हींतून मिश्र वसतिगृह जन्माला आले. पहिली पायरी वगळून दुसरी गाठता आली असती, असे पुराव्यावरून दिसत नाही.

साताऱ्यात हा प्रयोग सुरू झाला त्याच वर्षी खान्देशात पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातला तरुण अमळनेरच्या खान्देश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला. पुढे याच शाळेचे नाव प्रताप हायस्कूल झाले. साने तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले होते. औंधला आणि पुण्याला गरीब विद्यार्थी म्हणून काढलेल्या दिवसांत परगावच्या मुलाची भूक त्यांना आतून कळली होती. शाळेच्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले आणि १९३० पर्यंत ते त्यांच्या आयुष्याचे केंद्र झाले. मुलांच्या अंथरुणाच्या घड्या घालणे, पसरलेल्या वस्तू आवरणे, मळके कपडे धुऊन टाकणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते न बोलता करत, आणि काही दिवसांत मुलेच लाजून ती स्वतः करू लागत. याच्या जोडीला त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित पत्र चालवले. रोज हाताने लिहिलेला मजकूर फळ्यावर लागे. त्यात जगातल्या घडामोडी असत, थोरांच्या गोष्टी असत आणि छात्रालयातल्या वागण्या-बोलण्याविषयीही चार शब्द असत. याचा परिणाम नीट लक्षात घ्यावा. निरनिराळ्या खेड्यांतून आलेल्या मुलांना दर सकाळी वाचायला, बोलायला आणि वाद घालायला एकच सामाईक विषय मिळत होता. मैत्रीला जागा लागते तसा विषयही लागतो, आणि तो तिथे रोज पुरवला जात होता. गुरुजींनी १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. त्यांचे अनेक विद्यार्थी पुढे राष्ट्रीय चळवळीत आले, त्याची मुळे त्या खोल्यांत होती.

यावर कोणी म्हणेल की, हे एका असामान्य माणसाचे कर्तृत्व आहे. त्यावरून छात्रालय या संस्थेविषयी काही सिद्ध होत नाही. साने गुरुजींसारखे हृदय व्यवस्थेने निर्माण होत नाही, हे खरेच. पण त्यांनी जे केले ते अनुकरण न करता येण्याजोगे होते का? मुलांमध्ये राहणे, कामात स्वतः हात घालणे, आजाऱ्याची चौकशी करणे, रोज काहीतरी सामाईक वाचायला देणे, यातल्या कशालाही दैवी देणगी लागत नाही. धुळ्याच्याच तुरुंगात दोन वर्षांनी याची वेगळ्या प्रकारे साक्ष मिळाली. तिथे १९३२ साली सत्याग्रही कैदी कोंडलेले होते. एकत्र कोंडलेली माणसे एकमेकांना कंटाळतात, तुटतातही. पण २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे असे ठरले, आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. अठरा रविवारांत ‘गीता प्रवचने’ तयार झाली. ठरलेली वेळ, सामाईक विषय आणि ऐकणाऱ्यांमध्येच बसलेला बोलणारा, एवढ्या साध्या रचनेने तुरुंगाच्या कोठड्यांत राहणाऱ्यांचा समुदाय झाला. छात्रालयात लागते ते हेच.

अस्पृश्य आणि आदिवासी मुलांच्या बाबतीत या रचनेचे मोल आणखी मोठे होते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा दोघेही होते. समितीने १९३० च्या अहवालात या समाजांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवण्याची शिफारस केली. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने त्याआधीच, १९२५ मध्ये, सोलापुरात वसतिगृह सुरू केले होते. स्वातंत्र्यानंतर समाजकल्याण आणि आदिवासी विकास खात्यांची वसतिगृहे तालुक्या-तालुक्याला पोचली. एखाद्या रीतसर धोरणात न लिहिलेले काम त्यांनी खान्देशात केले. धडगावचा पावरा मुलगा, नवापूरचा मावची, साक्रीचा कोकणा आणि शिरपूरकडचा भिल्ल यांच्या बोली वेगळ्या, देव वेगळे, सोयरिकी वेगळ्या. धुळ्याच्या किंवा नंदुरबारच्या वसतिगृहात ते एका खोलीत आले तेव्हा आपल्या पट्ट्याबाहेरच्या आदिवासी मुलाशी रोजचा व्यवहार करण्याची अनेकांची ती पहिली वेळ असे. गृहपालाकडे अर्ज, रेशनची तक्रार, रात्रीच्या अभ्यासाची जागा यांसाठी त्यांना एकत्र बोलावे लागे, आणि या बोलण्यातून संघटनेची भाषा तयार होई. अशी वसतिगृहे मुलाला त्याच्या बोलीपासून आणि घरापासून तोडतात, शिस्तीच्या नावाखाली त्याला साच्यात घालतात, अशी टीका होते, आणि तिच्यात तथ्य आहे. घंटेवर उठवणारे, बोलीची थट्टा सहन करणारे वसतिगृह मुलाचे नुकसानच करते. पण यावर इलाज वसतिगृह काढून टाकणे हा नाही. जिथे मुलांच्या बोलीला, सणाला आणि म्हणण्याला जागा आहे, तिथे तोच सहवास त्यांना बळ देतो.

आता वर्तमानाकडे. राज्य सरकारने २०१६-१७ पासून, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ या योजनांतून निवास-भोजनाचे पैसे थेट खात्यावर देणे सुरू केले. जागा अपुऱ्या असताना हा आधार रास्तच आहे. पण २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचेही पैसे खात्यावर द्यायचे ठरले, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी आयुक्तालयाकडे पायी निघाले. पैशांच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद प्रामाणिक आहे: ठेकेदाराचे जेवण निकृष्ट असते, गैरव्यवहार होतात, आणि मोठ्या मुलाने काय खावे हे त्याने ठरवावे. यातले पहिले दोन मुद्दे चुलीविरुद्ध नसून ठेकेदाराविरुद्ध आहेत. साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी मुले स्वतः स्वयंपाक करत होती, तर आज हिशेब आणि देखरेख मुलांच्या समितीकडे का देता येऊ नये? तिसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. पण खात्यावर उशिरा येणारा हप्ता आणि भाड्याच्या खोलीसाठी आडनाव विचारणारा घरमालक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या मुलाचे, आणि त्याहून अधिक मुलीचे, स्वातंत्र्य किती उरते? हॉटेलात एकट्याने डबा खाणारा मुलगा पुन्हा वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्याच्याच जागी जातो. फरक एवढाच की सात घरांच्या जागी एक बँक येते.

रस्ते झाले, एसटी गावोगावी गेली, तालुक्याला महाविद्यालये निघाली, मग वसतिगृहांची गरजच काय, असेही विचारले जाते. अंतर कमी झाले, हे मान्य. पण आपल्या गावातच ये-जा करून पदवी घेणाऱ्या मुलाच्या मैत्रीचे वर्तुळ बहुतेक वेळा गावाच्या आणि जातीच्या आतच राहते, आणि खान्देशासारख्या अनेक बोलींच्या, अनेक समाजांच्या प्रदेशाला हे परवडणारे नाही. म्हणून मागणी साधी आहे. जिथे जागा नाही तिथे पैसे जरूर द्यावेत, पण जिथे वसतिगृह आहे तिथली चूल विझवू नये. खोल्या वाटताना समाज आणि तालुके मुद्दाम मिसळावेत. गृहपाल हा फक्त हजेरी घेणारा कर्मचारी न राहता मुलांमध्ये राहणारा शिक्षक असावा, आणि त्याची निवड त्या निकषावर व्हावी. भोजनाचा कारभार मुलांच्या समितीने पाहावा. अमळनेर आणि सातारा यांनी यातले काहीही अशक्य नाही हे दाखवले आहे, तेही आजच्या अंदाजपत्रकाच्या शतांशही पैसा नसताना. वसतिगृहावरचा खर्च विद्यार्थ्याच्या पोटावरचा खर्च म्हणून मोजला तर तो नेहमी जास्त वाटेल. एकमेकांना ओळखणारा समाज घडवण्याचा खर्च म्हणून मोजला तर इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.