लाल गाळाखालचे शेत

डिचोलीच्या शाळेत इतिहास शिकवताना पोर्तुगीज अमदानीतील खाणपरवान्यांचा विषय मी एका तासात संपवीत असे. एके दिवशी एका मुलाने विचारले, “सर, आमचे शेत पुन्हा कधी पिकणार?” मी निरुत्तर झालो. आमच्या वडिलांच्या वायंगणी भाताच्या शेतातही तोच लाल गाळ होता.

एक टन लोहखनिजामागे दोन-तीन टन टाकाऊ माती निघते. पावसात तिचे ढीग ओघळतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, पुढे काही पुन्हा सुरू झाल्या. जमीन मात्र आपोआप सुधारत नाही. गाळ उपसावा लागतो, ताग-धैंचा पेरून फुलोऱ्याच्या सुमारास गाडावा लागतो, शेणखत वर्षानुवर्षे घालावे लागते. खोदण्याआधी वरची सुपीक माती राखून ठेवली असती, तर त्या मुलाला उत्तर देता आले असते.