केळवण आणि नवरीचे वय

विवाहविधींविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. सप्तपदी, होम, कन्यादान यांवर पंडितांनी ग्रंथ रचिले. परंतु ज्याला मंत्र नाही, पुरोहित नाही आणि ज्याचा सारा कारभार बायकांच्या हाती, त्या केळवणाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. परभणीकडे यालाच गडंगणेर असेही म्हणतात.

लग्न ठरल्यापासून देवक बसेपर्यंत जे दिवस मिळतील तेवढेच केळवणाचे. मामी, मावशी, आत्या, शेजारीण अशा एकेक दिवस मागून घेतात. नवऱ्या मुलीस घरच्यांसह बोलावावयाचे, पाटाभोवती रांगोळी घालावयाची, औक्षण करावयाचे, पुरणपोळी, कटाची आमटी, शेवयांची खीर, कुरडया असे तिच्या आवडीचे वाढावयाचे आणि निघतेवेळी हाती खण-नारळ द्यावयाचा. देवक बसले की लग्न लागेपर्यंत परघरी जेवावयाचे नाही. म्हणून यजमानिणींची ही सारी धांदल. ओळीने चार घरचे पुरण पचविणे सोपे नव्हे, हे ओळखून जी यजमानीण पाचव्या दिवशी पिठले-भाकरी वाढील, तिला आम्ही सुगरण म्हणू.

हुंड्याची बोलणी होतात, याद्या होतात. आहेराची वही असते. केळवणाचा हिशेब मात्र बायका मनातच ठेवीत आल्या आहेत. वरपक्षाला येथे मागणी करता येत नाही, आणि गरीब घरालाही खिरीच्या वाटीवर श्रीमंताच्या बरोबरीने हा मान करता येतो. अमेरिकेत याच सुमारास 'ब्रायडल शॉवर' नावाचा समारंभ होतो. तेथे मैत्रिणी भांडीकुंडी व कापडचोपड देऊन मुलीचा भावी संसार सजवितात. आपल्याकडे संसाराचा विचार नंतर. प्रथम त्या मुलीच्या जिभेचा. 'केळवणे' या क्रियापदाचा अर्थच मुळी जोपासणे, निगा राखून वाढविणे असा आहे. शेजारच्या गुजरातीत तर 'केळवणी' म्हणजे शिक्षण.

येथेच विचारी वाचकाला एक प्रश्न पडावा. ही जोपासना व्हायची ती कोणाची? आनंदीबाई जोशी यांचे लग्न 1874 साली झाले, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. 1873 साली रमाबाई रानडे अकराच्या. त्या काळच्या घराघरांतून पाटावर जी नवरी बसे ती बहुधा याच वयाची. तिला खीर आवडत असेल, खणाचे कौतुक वाटत असेल. परंतु हा पाहुणचार कशासाठी चालला आहे हे तिला कितपत उमगत असेल? मायेने भरविणारे हात आणि तिला परक्या घरी धाडणारे हात एकच होते, आणि त्यात कोणाला विसंगती दिसत नव्हती. 1891 साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्यात आली, तेवढ्यावरूनही पुण्यात केवढे रण माजले! परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, ही टिळकपक्षाची भूमिका राजकारण म्हणून समजू शकते. त्या मुलींच्या बाजूने पाहता ती आम्हांला पटत नाही.

पुढे 1929 साली सारडा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. कायदा सरहद्दीवरच थांबला. सप्टेंबर 1948 मध्ये ते राज्य संपले. देशात ही मर्यादा 1949 साली पंधरावर व 1978 साली अठरावर गेली. केळवणाचा पाट, रांगोळी, खण-नारळ यांत मात्र कोणत्याही कायद्याने फरक पडला नाही.

आता वर्तमानाकडे वळावे तो मान खाली जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे बावीस टक्के, परभणी जिल्ह्यात अठ्ठेचाळीस! महाराष्ट्रात याहून मोठा आकडा कोणत्याही जिल्ह्याचा नाही. कारणे उघड आहेत. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे सहा-सहा महिने गाव सोडतात, वयात आलेली मुलगी मागे ठेवण्याची धास्ती वाटते. तोडणीची उचलही जोडप्याच्या हिशेबाने मिळते. पुढची शाळा दूर, नापिकी नेहमीची, आणि मुलगी मोठी होईल तसा हुंडा वाढेल हे भय.

पूर्वीचा बालविवाह वाजतगाजत होई. आताचा चोरून करावा लागतो. सकाळी साखरपुडा म्हणून माणसे जमवावयाची आणि दुपारी तेथेच अक्षता टाकून मोकळे व्हावयाचे, ही रीत बोकाळली आहे. ती काटकसर म्हणून सांगितली जाते, आणि कित्येक ठिकाणी ती खरोखर काटकसरच असते. परंतु अल्पवयी मुलीच्या बापाला तिची दुसरीही सोय आहे. लग्न ठरणे आणि लागणे यांमध्ये एकही दिवस उरत नाही. जे लपवावयाचे, त्याचे केळवण दहा घरी कसे होणार? केळवण म्हणजे लग्नाची उघड वार्ता. मामी बोलावणे करावयास आली म्हणजे मुलगी कितवीत आहे, परीक्षा केव्हा आहे, हे सहज विचारते.

मधल्या या दिवसांना कायद्यातही मोल आहे. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, होऊन गेलेला बालविवाह सामान्यतः आपोआप रद्द ठरत नाही. तो रद्द करून घेण्यासाठी अल्पवयात लग्न झालेल्यालाच न्यायालयात जावे लागते. परंतु लग्न लागण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने मनाईहुकूम दिला, तर तो मोडून लावलेले लग्न मुळातच निरर्थक ठरते. असा हुकूम मागण्यास आईबापच हवेत असे नाही. ज्याला ठरलेल्या लग्नाची माहिती आहे अशा कोणालाही तक्रार करता येते, केळवणाचा पाट मांडणाऱ्या शेजारणीलासुद्धा.